रंजक कादंबरीवाचन (मराठवाडा)

निव्वळ करमणुकीसाठी रहस्यकथा, हेरकथा, प्रेमकथा आणि कौटुंबिक कादंबऱ्या वाचण्याचा छंद. मराठवाड्यात त्याला ‘अवांतर वाचन’ म्हणतात. वडीलधाऱ्यांच्या तोंडी हा शब्द सहसा कौतुकाने येत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठही जिल्ह्यांत हा छंद मुख्यतः उसनवारीवर पोसला गेला. पुस्तक विकत घेणारा एक आणि वाचणारे अनेक, ही येथील रीत. पुस्तक किती जाड हवे, किती दिवसांत संपवायचे आणि शेवटचे पान हाती लागेल की नाही, हे सारे त्या रीतीवरच ठरत आले आहे.

भाषा आणि लेखक

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळा आणि कचेऱ्यांतून उर्दू चाले. त्या काळात शिकलेल्या मराठी घरांतील अनेक पुरुषांना मोडी आणि देवनागरीबरोबर उर्दूही सफाईने वाचता येई. १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ ही इब्ने सफी यांची मालिका निघू लागली, तेव्हा तिचा वाचक येथे आधीच तयार होता. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही तिच्यातील जोडी. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा ‘विनोद’ झाला आणि याच लेखकाच्या दुसऱ्या मालिकेतील इम्रानचा ‘राजेश’. जुन्या गठ्ठ्यांतून पुस्तके निवडताना हे ठाऊक असलेले बरे, नाहीतर उर्दूत वाचलेलीच कथा हिंदीत नवी म्हणून पुन्हा हाती येते.

मराठी रहस्यकथा मुंबई-पुण्याहून येत. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार आणि काळापहाड ही त्यांची पात्रे ज्यांनी पुस्तके वाचली नाहीत त्यांनाही नावाने माहीत असत. पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईक यांनी संख्येच्या बाबतीत तोच कित्ता गिरवला, तर सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन आणि अमर विश्वास या नायकांच्या मालिका लिहिल्या. शिरवळकरांनी भाषा महाविद्यालयीन कट्ट्यावर आणली. त्यांच्या वाचकांचे वय एकदम खाली आले ते त्यामुळे. नारायण धारप यांच्या भयकथा त्याच कपाटात ठेवल्या जातात, पण त्यांचा वाचक थोडा वेगळा.

प्रेमकथांत ना. सी. फडके यांच्यापासून सुरू झालेली वाट कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, योगिनी जोगळेकर यांच्या कौटुंबिक कादंबऱ्यांपर्यंत येते. चंद्रकांत काकोडकर यांची पुस्तके मात्र घरात उशीखाली असत. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. उशीखालची जागा त्यानंतरही फारशी बदलली नाही.

देवघेव

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा; तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि वर्गानुसार अनुदान घेतात. परभणीचे गणेश वाचनालय, छत्रपती संभाजीनगरचे बळवंत वाचनालय ही नावाजलेली. खेड्यांतील ड वर्गाचे ग्रंथालय बहुधा एका खोलीचे असते. तिथे दोन-तीन लोखंडी कपाटे आणि टेबलावर वर्तमानपत्रे. यांच्या जोडीला शहरांतून खासगी लायब्ऱ्या होत्या. किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानातच एक भिंत पुस्तकांची असे आणि भाडे दिवसावर आकारले जाई. दिवसावरचे भाडे हे वेगाने वाचायला शिकवणारे उत्तम साधन होते.

सार्वजनिक ग्रंथालयात अनामत आणि मासिक वर्गणी भरली की कार्ड मिळते. त्यावर एका वेळी एक पुस्तक व एक मासिक, मुदत आठ ते पंधरा दिवस, असा साधारण नियम. कार्ड एकाच्या नावावर असले तरी वाचते सारे घर. दुपारी आई, संध्याकाळी मुलगा, रात्री आजोबा अशा पाळ्या लागतात आणि एका पुस्तकात तीन ठिकाणी तीन खुणा दिसतात. पुस्तक बदलून आणायला बहुतेक वेळा घरातले पोर जाते. त्याला दिलेली सूचना एवढीच असते: “जाड बघून आण, आणि मागच्या खेपेचं नको.”

‘मागच्या खेपेचे’ ओळखायला नियमित वाचक, विशेषतः स्त्रिया, गुप्त खूण ठेवतात. कोणी ठरावीक पानाच्या आकड्याला पेन्सिलीने गोल करते, कोणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात टिंब देते. ग्रंथालयाचा स्वतःचाही असाच संकेत असतो. दाखल क्रमांकाचा शिक्का शीर्षकपानाखेरीज आतल्या एका ठरलेल्या पानावर मारतात, म्हणजे पहिली पाने फाडून पळवलेले पुस्तकही ओळखता येते.

पुस्तक निवडताना मुखपृष्ठापेक्षा मागची दिनांक चिठ्ठी पाहावी. तारखांचे शिक्के दाट असतील तर पुस्तक हातोहात फिरलेले आहे. वर्षानुवर्षांत दोनच शिक्के असतील तर ते कंटाळवाणे असेल, किंवा चुकीच्या कपाटात गेलेले. चुकीच्या कपाटातली पुस्तके कधी कधी फार चांगली निघतात. त्यानंतर पाने तपासावीत. छपाईत साधारण सोळा पानांचा एक फॉर्मा असतो. बांधणीत एखादा फॉर्मा सुटला तर पान ६४ नंतर थेट ८१ येते, नाहीतर ४९ ते ६४ हीच पाने दोनदा येतात. रहस्यकथेत हा घोटाळा नेमका मधल्या उलटतपासणीत झाला की पुढचे काही समजत नाही. शेवटचा फॉर्मा तर घरी नेण्यापूर्वी उलटून पाहावाच, कारण बांधणी सैल झाली की आधी तोच गळतो. अर्थात पाहायचा तो आकडा, मजकूर नाही.

फिरत्या पुस्तकाचा सर्वांत मोठा शत्रू पेन्सिल आहे. आधीचा वाचक पात्राच्या नावाखाली ‘हाच खुनी’ असे लिहून ठेवतो. असे पान दिसल्यास ग्रंथपालाला सांगून खोडरबराने पुसून घ्यावे. शाईने लिहिले असेल तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवतात, मात्र पट्टी दिसली की पुढचा वाचक ते पान उजेडाला धरतोच.

वाचण्याची पद्धत

जुन्या रहस्यकथा पातळ असत. आठ फॉर्म्यांचे म्हणजे १२८ पानांचे पुस्तक घेतले आणि पानाला २५० शब्द धरले, तर मजकूर ३२,००० शब्दांचा होतो. मिनिटाला १८० शब्द वाचणारा ते तीन तासांत संपवतो. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो, बारा ते चार कोणी घराबाहेर पडत नाही. ढाळजेत किंवा खोलीच्या सावलीत बाज टाकून जेवणानंतर सुरू केलेले पुस्तक चहाच्या वेळी संपते, असा हा जमलेला हिशेब होता. जाड माळवदाची घरे दुपारी थंड राहत हेही त्याला पूरक. सुट्ट्यांत याच वेळी मागणी सर्वांत जास्त असे.

रहस्यकथा हातात घेण्यापूर्वी ती कोणत्या जातीची आहे हे ओळखणे महत्त्वाचे. कोड्याच्या कथेत गुन्हा सुरुवातीला घडतो, संशयित ठरावीक असतात आणि धागेदोरे वाचकासमोर मांडलेले असतात. तिच्यात पहिली तीस पाने सावकाश वाचावीत. कोण कुठे होते, वेळ कोणी सांगितली आणि ती दुसऱ्या कोणी पाहिली की नुसती ऐकली, एवढ्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरतात. पात्रे दहाच्या वर गेली तर चिठ्ठीवर नावे व नाती लिहून तीच खूण म्हणून वापरावी. साहसकथेत असे काही नसते. नायक वेषांतर करतो, पाठलाग होतो, खलनायक निसटतो आणि पुन्हा सापडतो. अर्नाळकरांच्या झुंजारकडून कोड्याची अपेक्षा ठेवणारा वाचक निराश होतो, पण दोष पुस्तकाचा नसतो. साहसकथा वेगानेच वाचायची असते. थांबून विचार केला की शिवण दिसू लागते.

प्रेमकथेत शेवट बहुतेकदा ठाऊकच असतो, त्यामुळे गोडी मधल्या अडथळ्यांत. न पोचलेले पत्र, मोठ्या भावाचा शब्द, दुसरीकडे ठरत आलेले लग्न यांपैकी एखादा गैरसमज दीडशे पाने टिकवायचा असतो. लेखिका कसलेली असेल तर ‘एकदा बोलून टाका की’ असे वाचकाला वाटू लागण्याच्या आतच ती नवी गाठ मारते. बहुतेक कथानके मुंबई-पुण्यातील असल्याने चाळ, लोकल, नाटकाचे प्रयोग हे सारे मराठवाड्यातील वाचकाने आधी कादंबरीत पाहिले, प्रत्यक्ष नंतर.

एकाच लेखकाची चार-पाच पुस्तके सलग वाचली की त्याचा साचा कळतो आणि सहाव्याला कंटाळा येतो. त्यावर उपाय सोपा आहे: दोन रहस्यकथांमध्ये एक कौटुंबिक कादंबरी किंवा दिवाळी अंक घालावा. ‘नवल’ व ‘धनंजय’ हे अंक गूढ आणि रहस्यकथांसाठी मागितले जातात. अनेक ग्रंथालये ठरावीक रक्कम घेऊन दोन-तीन महिने सगळे दिवाळी अंक वाचायला देतात. अशा योजनेत पहिल्या आठवड्यातच नाव घालावे, कारण जानेवारीपर्यंत हवे ते अंक कोणाच्या तरी घरी अडकून बसतात. अनुवाद घेताना आतल्या पानावर मूळ इंग्रजी शीर्षक शोधावे. एकाच कादंबरीची दोन मराठी रूपांतरे दोन नावांनी मिळू शकतात.

निगा

स्वस्त आवृत्त्या वर्तमानपत्री कागदावर छापत. या कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक असते. हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडतो, पुढे कुरकुरीत होऊन कोपरे तुटतात. थुंकी लावून पान उलटणे आणि पुस्तक उलटे दुमडून एका हातात धरणे या दोन सवयींनी अशी पुस्तके सर्वांत लवकर जातात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन पाझरतो, दोन पाने एकमेकांना चिकटतात आणि ती सोडवताना अक्षरे निघून येतात. त्याऐवजी पतंगाच्या पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी खळीने लावावी.

खळीसाठी एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर ढवळत शिजवतात. मिश्रण किंचित पारदर्शक झाले की उतरवतात. कीड लागू नये म्हणून बायंडर त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात. ते विषारी असल्याने भांडे वेगळे ठेवावे. उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पावसाळ्यानंतर कसर आणि वाळवी पाहण्यासाठी पुस्तके कपाटातून काढून सावलीत हवेशीर ठेवतात. कडक उन्हात ठेवल्यास पाठीचा डिंक वाळून पाने सुटतात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असले तर मातीच्या भिंतीतून वाळवी सहज चढत नाही.

सध्याची स्थिती

दिवसावर भाडे घेणाऱ्या लायब्ऱ्या बहुतेक ठिकाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठी प्रेमकथा व रहस्यकथा भागाभागांनी वाचल्या जातात, २०१७ पासून ‘स्टोरीटेल’वर मराठी ऐकायलाही मिळते. शेतात, स्वयंपाकघरात किंवा एसटीच्या प्रवासात हात मोकळे ठेवून गोष्ट ऐकता येते, पण उसने देता येत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांत आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला जास्त जागा लागते. कादंबऱ्यांचे कपाट त्यामुळे अनेकदा जिन्याखाली किंवा व्हरांड्यात सरकलेले आढळते आणि त्याला कुलूप असते. किल्ली ग्रंथपालाकडे मागावी लागते आणि देवघेवीची वेळ अभ्यासिकेपेक्षा बरीच कमी असते, तेव्हा आधी विचारून जावे.