चांदीचे पाणी आणि डॅफ्निया

चांदीच्या भांड्यातले पाणी बाळाला पाजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि तिचाच दाखला देऊन असे सर्रास सांगितले जाते की मोजे किंवा पाण्याच्या फिल्टरमधली नॅनोचांदी, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण, फक्त जंतूंना मारते, बाकी कोणालाही अपाय करत नाही. हे खरे नाही.

गोड्या पाण्यातला डॅफ्निया हा जेमतेम १ ते ५ मिलिमीटरचा, टुणटुण उड्या मारत पोहणारा जीव पाणी गाळूनच पोट भरतो. १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण शेवाळाबरोबर त्याच्या आतड्यात जातात, आणि त्याचे शरीर पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ती काळवंडलेली नळी स्पष्ट दिसते. खरा घाव मात्र बहुतांशी कणांतून विरघळणारे चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) घालतात: ते शरीरात सोडियम ओढून घेणारी यंत्रणा बंद पाडतात, आणि क्षार मुळातच कमी असलेल्या गोड्या पाण्यात हे जिवावर बेतते. ४८ तासांच्या प्रमाणित चाचणीत विरघळलेली चांदी लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असली तरी डॅफ्निया निपचित पडतात. भांड्याच्या तुलनेत तेवढ्याच वजनाच्या नॅनोकणांचा पृष्ठभाग अफाट असल्याने आयन सुटतातही भराभर. आजीच्या वाटीचा दाखला इथेच लंगडा पडतो.

उलट टोकाची भीतीही नको. सांडपाण्यातल्या सल्फाइडशी संयोग होऊन बरीचशी चांदी सिल्व्हर सल्फाइड बनते, जे फारच कमी विषारी आहे. नदीच्या घाटावर धुतलेल्या कपड्यांतल्या चांदीला मात्र ही वाट मिळेलच असे नाही.