जुन्या प्रोसेसरांची गेमिंग तुलना : कोल्हापुरातील साधने व पद्धत

जुन्या प्रोसेसरांची गेमिंग तुलना म्हणजे ४८६ पासून पेंटियम-३ पर्यंतच्या काळातले, म्हणजे साधारण १९९० च्या दशकातले, प्रोसेसर ठरावीक गेम दर सेकंदाला किती फ्रेम काढून चालवतात, हे मोजून एकमेकांशी ताडून पाहणे. प्रोसेसरवर छापलेला मेगाहर्ट्झचा आकडा या कामी फसवा ठरतो. गेमला कोणत्या जातीचे गणित लागते, मदरबोर्डावरची कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) खरी आहे का आणि चित्र डिस्प्ले कार्डापर्यंत कोणत्या वाटेने जाते, यांवर निकाल ठरतो. म्हणून तुलना प्रोसेसरची असली तरी आधी तपासावा लागतो तो सगळा संगणक.

कोल्हापुरात हे संगणक मिळतात ते बहुधा कामाच्या जागांतून निघालेले. राजारामपुरीच्या गल्ल्यांतले कॉम्प्युटर क्लास, मार्केट यार्डातली अडत दुकाने, उद्यमनगर आणि शिरोलीतले कारखाने इथले हिशेबाचे संगणक भंगारात जातात आणि तिथून हौशी मंडळी ते उचलतात. हिशेबाला जलद कार्ड लागत नसे, त्यामुळे ४८६ डीएक्स-२ सारखा चांगला प्रोसेसर आणि शेजारी ८ मेगाहर्ट्झच्या आयसा स्लॉटमधले साधे कार्ड अशी जोडी वारंवार दिसते. अशा जोडीवर डूम हा गेम चालवला तर प्रोसेसर कितीही बदला, एका मर्यादेपुढे आकडा हलत नाही. अडथळा आयसा बसचा, म्हणजे त्या स्लॉटपर्यंतच्या माहितीच्या वाटेचा, असतो आणि बोल प्रोसेसरला लागतो. ४८६ मोजायचा तर व्हीएलबी किंवा पीसीआय या अधिक वेगवान स्लॉटचा बोर्ड शोधावा आणि सगळ्या प्रोसेसरांना तेच एक कार्ड वापरावे.

मोजण्यासाठी दोन गेम पुरतात, पण दोन्ही लागतातच. १९९३ चा डूम सगळे गणित पूर्णांकांत करतो, एफपीयूला (प्रोसेसरमधल्या दशांशी गणिताच्या भागाला) हातही लावत नाही. त्यामुळे सारख्याच वेगाचे ४८६ एसएक्स (एफपीयू नसलेला) आणि डीएक्स (एफपीयू असलेला) यात बरोबरीने धावतात. १९९६ चा क्वेक नेमका उलटा. एफपीयू नसेल तर तो सुरूच होत नाही. ४८६ ला फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे दशांशी, एका बेरजेला ८ ते २० चक्रे लागतात. पेंटियमला ३ लागतात आणि पाइपलाइन असल्याने प्रत्येक चक्राला नवी बेरीज आत घेता येते. शिवाय भिंतीवरचे चित्र डोळ्यांना सरळ दिसावे म्हणून क्वेक दर १६ पिक्सेलांमागे एक भागाकार करतो. पेंटियममध्ये एफपीयू तो भागाकार करत असतानाच पूर्णांकाचा भाग आधीचे १६ पिक्सेल रंगवत राहतो, म्हणजे भागाकार जवळजवळ फुकटात पडतो. क्वेकची आखणीच पेंटियमसमोर बसून झाली आहे, हे विसरून इतर प्रोसेसरांना नावे ठेवणे बरोबर नाही.

‘पीआर’ छापाचे आकडे, म्हणजे हा प्रोसेसर कोणत्या पेंटियमच्या तोडीचा हे सांगणारे आकडे, याच ठिकाणी उघडे पडतात. सायरिक्सचा ६एक्स८६ पीआर२००+ प्रत्यक्षात १५० मेगाहर्ट्झवर, ७५ मेगाहर्ट्झच्या बसवर (प्रोसेसर आणि बोर्ड यांतल्या माहितीच्या वाटेवर) चालतो. कार्यालयीन कामात तो पेंटियम २०० ला तोलामोलाचा आहे, पण क्वेकमध्ये बराच मागे पडतो, कारण त्याच्या एफपीयूला पाइपलाइन नाही. एएमडीच्या एएम५एक्स८६-१३३ चेही तसेच. अंगावर ‘पी७५’ लिहिलेला हा प्रोसेसर म्हणजे ३३ गुणिले ४ वर धावणारा ४८६ आहे. डूममध्ये तो मन रमवतो, क्वेकमध्ये पेंटियम ७५ त्याला मागे टाकतो. तरीही ज्याच्याकडे ४८६ चा चांगला बोर्ड आहे त्याने हाच प्रोसेसर घ्यावा. त्या सॉकेटमध्ये खर्चाच्या मानाने इतका वेग देणारा दुसरा सापडणे अवघड.

डूमची मोजणी अशी. संगणक सुरू होताना एफ५ दाबून डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या फाइली वगळाव्यात आणि ईएमएम३८६ हा मेमरी हाताळणारा प्रोग्रॅम तर मुळीच चढवू नये. गेमला ‘टाइमडेमो डेमो३’ हा पर्याय देऊन, आवाज बंद ठेवून सुरू करावा. शेअरवेअर (मोफत वाटलेल्या) १.९ आवृत्तीत शेवटी २१३४ गेमटिक्स (डेमोतल्या फ्रेम) आणि पुढे रिअलटिक्सचा आकडा (लागलेला वेळ, सेकंदाच्या ३५ व्या भागांत) येतो. ३५ गुणिले २१३४ म्हणजे ७४६९०. याला रिअलटिक्सने भागले की फ्रेम मिळतात. समजा २४९० आले, तर सेकंदाला ३० फ्रेम. १४९४ आले, तर ५०. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे चित्राची चौकट. आधीच्या मालकाने वजा चिन्हाची कळ दाबून चौकट लहान केलेली असते किंवा एफ५ ने तपशील कमी केलेला असतो. त्या सेटिंगची फाइल तशीच राहते आणि जुना डीएक्स-२ अचानक पेंटियमसारखा धावू लागतो. म्हणून प्रत्येक वेळी चौकट आणि तपशील डोळ्यांनी पाहावा. क्वेकमध्ये कन्सोल उघडून ‘टाइमडेमो डेमो१’ लिहिले की ९६९ फ्रेमना लागलेला वेळ आणि सरासरी आपोआप येते. पहिली फेरी सोडून द्यावी, कारण तेव्हा हार्डडिस्कवरून माहिती येत असते. पुढच्या तीन फेऱ्या घ्याव्यात. त्या एकमेकींशी जुळत नसतील तर दोष प्रोसेसरमध्ये न शोधता रॅम आणि कॅशमध्ये शोधावा.

कॅशबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. ४८६ च्या काही स्वस्त बोर्डांवर कॅशच्या जागी प्लॅस्टिकचे पोकळ तुकडे बसवलेले असत. आत सिलिकॉनच नाही, आणि बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) मात्र सुरू होताना २५६ किलोबाइट कॅश असल्याचे छापतो. कॅशचेक हा कॅश तपासणारा प्रोग्रॅम चालवला की भांडे फुटते. खऱ्या बोर्डावर वेगाच्या तीन पायऱ्या दिसतात : ८ किंवा १६ किलोबाइटपर्यंत आतली कॅश, मग २५६ पर्यंत बाहेरची, मग रॅम. खोट्या बोर्डावर मधली पायरीच नसते. पेंटियमच्या बोर्डांचे दुखणे वेगळे आहे. इंटेलचे ४३०एफएक्स, व्हीएक्स आणि टीएक्स हे चिपसेट (बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपा) ६४ मेगाबाइटपर्यंतचीच रॅम कॅशमध्ये घेतात. भंगारात स्वस्त मिळाली म्हणून १२८ बसवली, तर विंडोज वरच्या टोकाकडून रॅम वापरते आणि संगणक आधीपेक्षा हळू होतो.

प्रोसेसर बदलताना व्होल्टेजचा जंपर (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) आधी, बाकी सगळे नंतर. डीएक्स-२ ६६ ला ५ व्होल्ट चालतात. डीएक्स-४ ला ३.३ आणि एएम५एक्स८६ ला ३.४५ लागतात, हे ५ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसवले तर जळतात. पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ आणि बाहेरच्या जोडणीला ३.३ व्होल्ट हवेत, म्हणून दुहेरी व्होल्टेज न देणारा सॉकेट-७ चा (पेंटियमच्या सॉकेटचा) बोर्ड त्याला चालत नाही. गुणकांत, म्हणजे बसचा वेग किती पट करायचा त्या आकड्यांत, एक गंमत आहे. एमएमएक्स २३३ ला ३.५ चा गुणक हवा असतो, पण जंपर लावायचा १.५ चा, प्रोसेसर त्याचाच अर्थ ३.५ असा घेतो. एएमडीचे नंतरचे के६-२ अशाच रीतीने २ ला ६ समजतात. बस ८३ वर नेण्याचा मोह काही बोर्ड घालतात, मात्र तिथे पीसीआय ४१.५ वर जाते आणि हार्डडिस्कवरची माहिती बिघडू लागते. जुन्या एटी पद्धतीच्या एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या पेटीचे) दोन कनेक्टर बसवताना चारही काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट बसवले तर बोर्ड गेला. त्याच्या पुढच्या बटणात २३० व्होल्ट थेट येतात, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय तिथे हात घालू नये.

१९९६ च्या वूडू या थ्रीडी कार्डानंतर मोजणी बदलते, कारण पिक्सेल रंगवण्याचे काम कार्डाकडे गेले. ५१२ गुणिले ३८४ आणि ६४० गुणिले ४८० अशा दोन्ही आकारांत मोजावे. दोन्हीकडे फ्रेम सारख्याच आल्या तर अडथळा प्रोसेसरचा. मोठ्या आकारात घसरल्या तर कार्डाचा, आणि मग ती तुलना प्रोसेसरची राहत नाही. मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवून घेण्याचे सेटिंग बंद करावे. के६-२ मध्ये थ्रीडीनाऊ, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटचे गणित जलद करणाऱ्या सूचना, आहे, पण ते वापरणारी आवृत्ती चालवली तरच फरक दिसतो; क्वेक-२ ची तशी आवृत्ती निघाली होती. या काळातला सगळ्यांत गुणी प्रोसेसर १९९८ चा सेलेरॉन ३००ए. कॅश १२८ किलोबाइटच, पण ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालते. बस ६६ वरून १०० केली की तो ४५० वर जातो आणि पेंटियम-२ ४५० च्या जोडीला बसतो.

वेग जास्त असणे हाही दोष ठरतो. १९९० च्या आसपासचे काही गेम प्रोसेसरच्या गतीवरच चालतात आणि पेंटियमवर खेळण्यापलीकडे जातात. बोरलँड पास्कलमध्ये लिहिलेले कार्यक्रम सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे ‘रनटाइम एरर २००’ देऊन थांबतात, कारण सुरुवातीला विलंब मोजणाऱ्या भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. के६-२ ३५० आणि त्यावरच्या प्रोसेसरांवर विंडोज ९५ अशाच कारणाने अडते. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दुरुस्ती काढली होती.

कोल्हापूरच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत रॅम आणि कार्डांच्या कडा काळवंडतात. खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की बरेच ‘मेलेले’ बोर्ड उठतात. पिंपासारखी दिसणारी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी दिसली की ती लगेच कापून काढावी. तिच्यातून पाझरणारा अल्कली तांब्याच्या रेषा खातो. तिथे पांढरे व्हिनेगर लावून नंतर अल्कोहोलने धुवावे. तिच्या जागी लिथियम सेल जोडायचा तर मध्ये डायोड हवाच, नाहीतर बोर्ड त्या सेलला चार्ज करू पाहतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेले बोर्ड अजून हाती येतात. त्यांत गाळ प्रोसेसरच्या सॉकेटखाली बसलेला असतो. तो वरून दिसत नाही, म्हणून सॉकेटच्या भोकांतून स्वच्छ पाणी आणि मग अल्कोहोल सोडून, पूर्ण वाळल्यावरच वीज द्यावी.