गव्हाचा चीक आणि ओटची कॉफी

उन्हाळ्यात सांगलीकडे घरोघरी कुरडयांचा घाट असतो. तीन दिवस भिजलेले गहू वाटायचे, गाळायचे आणि तळाशी बसलेला चीक उकळत्या पाण्यात ओतून घाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. कॉफीत ओटचं दूध एवढं का चालतं, हे मला या चिकामुळे कळलं.

दाणे वाटून, गाळून दूध काढणं जुनंच. आपल्याकडे नारळाचं दूध आहेच. मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या उपवासाला जनावराचं दूध वर्ज्य असे, म्हणून बदामाचं दूध वापरत. सोयाबीनचं दूध मूळ चीनचं. १९१० च्या सुमारास ली यू-यिंग या चिनी गृहस्थांनी पॅरिसजवळ सोयाबीनच्या पदार्थांचा कारखाना काढला. स्टारबक्सने अमेरिकेत सोया दूध ठेवलं ते मात्र १९९७ साली.

कॉफीत सोया फाटतं. कॉफी आंबट आणि कडक गरम. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सोयाचं प्रथिन गोळा होतं. टोफूसाठी, म्हणजे सोयाच्या पनीरसाठी, मुद्दाम करतात तेच इथे नको असताना घडतं. म्हणून सोयाला जास्त भाजलेल्या, कमी आंबट कॉफीच्या बिया बऱ्या.

ओटची अडचण वेगळी, थेट आपल्या चिकाची. ओटमध्ये स्टार्च भरपूर, तापवलं की खळ होते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे आणि सहकाऱ्यांनी त्यावर एन्झाइमचा उपाय काढला. एन्झाइम स्टार्चचे तुकडे करून माल्टोज साखर बनवतं. दूध पातळ राहतं आणि वरून साखर न घालता गोड लागतं. भाकरी बराच वेळ चावली की तोंडात गोडवा येतो, तो लाळेतल्या अशाच एन्झाइमचा. पुढे १९९४ मध्ये यातूनच ओटली ही कंपनी उभी राहिली. ‘बरिस्ता’ (म्हणजे कॉफी बनवणारा) लिहिलेल्या ओटच्या दुधाच्या पाकिटात तेल जास्त असतं, त्याने दाटपणा येतो. आणि बहुधा डायपोटॅशियम फॉस्फेट हा क्षार असतो, तो कॉफीचं आम्ल सांभाळून घेतं. कॉफीसाठी घ्यायचं तर हेच पाकीट घ्यावं. साधं ओट कपात पाणचट लागतं.

फेसासाठी कॉफी मशीनच्या नळीने दुधाला वाफ देताना हीच रचना लक्षात ठेवायची. फेस प्रथिनं धरून ठेवतात. ती सोयात गाईच्या दुधाच्या जवळपास, ओट-बदामात फार कमी. म्हणून थंडगार दूध घ्यावं, हवा सुरुवातीलाच दोन-तीन सेकंद द्यावी, मग नळीचं टोक आत बुडवून दूध नुसतं फिरवत ठेवावं. गाईचं दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत चालतं, ही दुधं ५५ ते ६० वर थांबवावीत. दुधाचं भांडं हाताला चटका देईपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. लगेच ओतावं, फेस आणि दूध पटकन वेगळे होतात.

आपल्याकडे खरिपात वाळवा-पलूसच्या रानात सोयाबीन उभं असतं आणि बहुतेक तेलगिरणीकडे जातं. घरी दूध काढून पाहायचं असेल तर भिजवलेले दाणे गार पाण्यात वाटू नयेत. तसं वाटलं की दाण्यातलं एक एन्झाइम तेलावर काम करतं आणि कच्चट वास येतो. उकळत्या पाण्यात वाटले तर ते एन्झाइम आधीच निकामी होतं. मग फडक्यातून गाळून, ढवळत पंधरा-वीस मिनिटं उकळायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच वाफेखाली धरायचं.