कृष्णधवल प्रिंट: डार्करूममधला की इंकजेट?

दोन्ही प्रकारचे प्रिंट आमच्याकडे होतात. त्यांतला चांगला कोणता, हे मूळ काय आहे ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. निगेटिव्ह असेल तर दोन्ही मार्ग मोकळे आहेत. फोटो मोबाइलवर किंवा डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला असेल तर सरळ इंकजेट घ्या.

डार्करूममध्ये, म्हणजे रसायनांनी प्रिंट बनवायच्या अंधाऱ्या खोलीत, निगेटिव्ह एन्लार्जरला (चित्र मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र) लावून आधी कागदाच्या पट्टीवर पाच-पाच सेकंदांच्या टप्प्यांनी टेस्ट काढतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, मल्टिग्रेड फिल्टरने ठरतो. हे फिल्टर ०० (सर्वांत कमी कॉन्ट्रास्ट) ते ५ (सर्वांत जास्त) पर्यंत येतात. नेहमीची निगेटिव्ह २ किंवा २½ वर जमते, मरगळलेली ४ पर्यंत न्यावी लागते. मग २० अंशांवरच्या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारे रसायन) आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला कागद १ मिनिट, फायबर, म्हणजे असा थर नसलेला, २ मिनिटे; पुढे स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे), हायपो (चित्र पक्के करणारे) आणि धुणे. उन्हाळ्यात नळाचे पाणीच तीसच्या घरात असते, तेव्हा ट्रेखाली बर्फाचे पाणी ठेवतो.

प्रिंट बिघडतो तो बहुधा धुण्यात. आरसी कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे दोन मिनिटांत काम होते. फायबर कागद मात्र रसायन पिऊन घेतो. क्लिअरिंग एजंट (हायपो लवकर काढणारे रसायन) न वापरता धुतला तर वाहत्या पाण्यात तासभर लागतो. आत हायपो उरला की काही वर्षांनी पिवळे डाग उठतात, काळे तपकिरी होत जाते. शिवाय फायबर वाळताना वेडावाकडा होतो, म्हणून प्रेसमध्ये सपाट करावा लागतो. फायबरची ऑर्डर दुसऱ्या दिवशी मिळत नाही ती यामुळे.

चेहरा उजळ ठेवणे, आकाश गडद करणे हे सगळे एन्लार्जरखाली हाताने होते. म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या येत नाहीत. नातेवाइकांना वाटायला दहा सारख्या प्रती हव्या असतील तर इंकजेटच करा.

साधा फोटो प्रिंटर करडा रंग निळसर, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून बनवतो. तो प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी गुलाबी दिसू शकतो. आम्ही काळ्यासोबत दोन करड्या शाया असलेला पिगमेंट प्रिंटर, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा, वापरतो. रंगीत शाई फक्त छटेपुरती, किंचित. तरीही नमुना प्रिंट जिथे टांगायचा त्या उजेडात एकदा बघून घ्या.

खरा फरक कागदात आहे. कॉटनच्या मॅट कागदावर काळ्याची डेन्सिटी (आकडा जितका मोठा तितका काळा गडद) १.६–१.७ च्या आसपास थांबते. बरायटा कागदावर (बेरियम सल्फेटचा थर दिलेला चमकदार कागद) ती २ च्या वर जाते. चकचकीत फायबर प्रिंटचीही साधारण तेवढीच असते. ‘इंकजेटचा काळा मेलेला दिसतो’ म्हणणाऱ्यांनी बहुतेक मॅटच पाहिलेला असतो. अर्थात धुके, म्हातारा चेहरा, पांढऱ्या भिंतीचे गाव असले विषय मॅटवरच खुलतात. काळे केस, रात्रीचा रस्ता असेल तर बरायटा घ्या, कारण मॅटवर सावलीतले बारकावे एकमेकांत बुडतात. बरायटावरचा प्रिंट तिरका धरला तर काही भाग तांबूस चमकू शकतो. काच लावली की हे सहसा जाणवत नाही. पिगमेंट कागदाच्या पृष्ठभागावरच बसतो, त्यामुळे बोट घासू नका. फ्रेम करण्याआधी किमान २४ तास वाळू द्या, नाहीतर काचेला आतून धुरकटपणा येतो.

इंकजेटसाठी फाइल ३०० पीपीआयची, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेलची हवी: ८×१० इंचाला २४००×३०००, १२×१६ ला ३६००×४८०० पिक्सेल. शक्यतो १६ बिट टिफ द्या. व्हॉट्सॲपने पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ‘स्क्रीनवर छान होता, प्रिंट काळवंडला’ ही तक्रार बहुतेक वेळा स्क्रीनच्या ब्राइटनेसमुळे असते. शेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि स्क्रीन तेवढीच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा, मग फाइल तपासा.

फ्रेम करताना प्रिंट काचेला टेकू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला आम्लरहित पुठ्ठा हवाच. पावसाळ्यात डार्करूम प्रिंटमधले जिलेटिन (चित्र ज्या थरात असते तो) ओल धरून काचेला चिकटते, आणि एकदा चिकटले की सोडवताना चित्रच निघून येते. बुरशीही त्याच थरावर धरते. इंकजेटलाही ओल चालत नाही, तेव्हा पाणी झिरपणाऱ्या भिंतीवर दोन्ही टांगू नका.

निगेटिव्ह आणताना स्लीव्हमध्येच आणा. बोटांचे ठसे असतील तर घरी कापडाने पुसू नका. ओरखडा पडला तर तो प्रत्येक प्रिंटवर उतरतो.