वन्समोअर (संगीत रंगभूमी)

वन्समोअर : मराठी संगीत नाटकात एखादे पद संपताच ते पुन्हा ऐकण्यासाठी प्रेक्षकांनी केलेला पुकारा, आणि त्या पुकाऱ्यावरून गायकनटाने पुन्हा केलेले गायन. शब्द इंग्रजीतून आला, पण मराठीत इतका मुरला की वन्समोअर ‘देणे’, ‘मिळणे’ आणि ‘घेणे’ अशी तिन्ही क्रियापदे त्याला चिकटली. देणारे प्रेक्षक, घेणारा नट. अमक्या पदाला तीन वन्समोअर मिळाले, हे वाक्य जुन्या नाट्यरसिकांच्या बोलण्यात प्रयोग रंगल्याची खूण म्हणून येते. संगीत नाटकाचा आस्वाद कसा घेतला जाई हे समजून घ्यायचे तर या प्रथेपासूनच सुरुवात करावी लागते.

वन्समोअर मागायचा तर आधी पात्राने गायला हवे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्यावर बोलत. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पदे थेट पात्रांच्या तोंडी घातली. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. नाटकात पदे दोनशेच्या आसपास असली, तरी साकी, दिंडी, कामदा अशा वळणाची कितीतरी पदे चार ओळींत आटपणारी होती. असे पद पुन्हा म्हणण्यात फारसा वेळ जात नसे. १८८२ मधल्या ‘सौभद्र’ने ही गोडी घरोघरी नेली. भाऊराव कोल्हटकरांचा उंच, तेजस्वी आवाज सुभद्रेच्या तोंडून ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येत. पुढचा प्रसंग प्रत्येकाला ठाऊक असे. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार, याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. उत्सुकता असे ती आज अमुक पद कसे लागते याची.

पुढे पदाचा आकारच बदलला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. रागदारीच्या बंदिशींवर बेतलेली ही पदे रबरासारखी ताणता येत होती, म्हणून वन्समोअरलाही वेगळा अर्थ आला. ‘स्वयंवर’मधले ‘नाथ हा माझा’ हे यमनातले पद घ्या. रुक्मिणीची शेवटची तान समेवर येते, टाळ्या पडतात आणि मागच्या रांगांतून पुकारा होतो. ऑर्गनवाल्याने पट्टीवरचा हात उचललेला नसतो. तबलजी ठेका मंद करतो, पण सोडत नाही. गाणारा नट क्षणभर थांबतो, मान किंचित लववतो आणि सबंध पद पहिल्यापासून न म्हणता नेमका मुखडा, म्हणजे पदाची सुरुवातीची ओळ, उचलतो. मघाशी निषादावर रेंगाळला असेल तर आता गांधारावर थांबून पाहतो, तान दुसऱ्या वाटेने खाली आणतो. जे झाले तेच हुबेहूब परत देणाऱ्या नटाला दुसरा वन्समोअर सहसा मिळत नसे. प्रेक्षक ‘पुन्हा’ म्हणत असले तरी त्यांना हवे असे ते त्याच पदातले आणखी काही.

या सगळ्या वेळात रंगमंचावर दुसरे पात्रही उभे असते, आणि त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्याला बोलायचे नसते, पाठ फिरवायची नसते. दहा मिनिटे चाललेले गाणे त्याने भूमिका न सोडता ऐकायचे असते. माझ्या मते संगीत नाटकातल्या अभिनयाची खरी परीक्षा या ऐकणाऱ्या नटाची असते. तो कंटाळलेला दिसला की गाणे कितीही चढो, प्रसंग विझतो.

गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) काळात ही प्रथा कळसाला पोचली. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. नाटक रात्री सुरू होई आणि वन्समोअरच्या पायी पहाटेपर्यंत लांबे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. नायिका भामिनी बालगंधर्वांची, नायक धैर्यधर ‘ललितकलादर्श’ मंडळीच्या केशवराव भोसल्यांचा. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे प्रमुख एका रंगमंचावर आले, हे त्या रात्रीचे अप्रूप. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले, त्यामुळे तो योग फार काळ टिकला नाही.

आक्षेपही जुनेच आहेत. वन्समोअरने कथानक थांबते, विरहात बुडालेली नायिका टाळ्यांना मान लववते, प्रहसनाचा वेग मोडतो. या आक्षेपांत तथ्य आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ गैरसमजांच्या साखळीवर चालते. तिथे पद लांबले की साखळीची कडी निसटते. देवलांच्याच ‘शारदे’त (१८९९) म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची भीती पदातून येते. ते पद दोनदा ऐकून ती भीती वाढते की पातळ होते, याचे उत्तर गाणाऱ्यावर अवलंबून असते. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले, तेव्हा गाणी मोजकीच आणि आटोपशीर ठेवली. चाली केशवराव भोळे यांच्या होत्या. पद प्रसंगाएवढेच असावे, हा विचार तिथे पक्का झाला.

तोवर बोलपट आला होता. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट, आणि त्यात हरिश्चंद्र झाले होते ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन अजून सुरू झाले नव्हते. नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि वादक चौकटीबाहेर बसत. म्हणजे गाण्याची रीत रंगभूमीचीच राहिली, फक्त समोरचा प्रेक्षक नाहीसा झाला. बालगंधर्वांनी ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये एकनाथांची भूमिका केली, पण ते चित्रपटात रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले. त्यांचे गाणे समोरून येणाऱ्या दादेवर फुलणारे होते, आणि स्टुडिओत दाद द्यायला कुणी नव्हते, असे मला वाटते. याउलट विष्णुपंत पागनीस. तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये त्यांनी ताना आवरल्या आणि अभंग आपल्याशीच म्हणावा तसा म्हटला. संगीत पुन्हा केशवराव भोळ्यांचेच. त्यातला ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिला, पण अनेकांना तो तुकोबांचाच वाटला. बाल्कनीतल्या प्रेक्षकाला जो चेहरा कधी नीट दिसला नसता, तो पडद्यावर हातभर अंतरावर आला. वन्समोअर गेला, त्याच्या बदल्यात हे मिळाले.

पुन्हा ऐकण्याची भूक मात्र तशीच राहिली. ती भागवली ग्रामोफोनने. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत, तेवढ्यात पद बसवावे लागे. सुई उचलून परत कडेला ठेवली की वन्समोअर, पण तान तीच.

१९६० च्या दशकात विद्याधर गोखले यांची ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ ही नाटके आणि जितेंद्र अभिषेकी यांच्या चाली यांनी संगीत नाटक पुन्हा उभे केले. प्रयोग आता तीन तासांचे झाले होते आणि वन्समोअर हातचे राखून घेतले जात. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ने (१९६७) एक सुंदर गोष्ट केली : ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन वेगळ्या चालींत येते, एका घराण्याच्या ठेहरावाने आणि दुसऱ्याच्या आक्रमक अंगाने. एका अर्थी नाटककाराने आणि संगीतकाराने वन्समोअर संहितेतच लिहून ठेवला, आणि त्याने कथानक थांबत नाही, पुढे सरकते. यातल्या दुसऱ्या, आक्रमक घराण्याच्या खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांनी केली. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना आवाज दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी.

गोव्यात देवळांच्या उत्सवांत हौशी मंडळी अजून मराठी संगीत नाटके करतात आणि तिथला श्रोता पदाची जागा आधीपासून हेरून बसलेला असतो. शहरी नाट्यगृहांत पुकारा पूर्वीपेक्षा दबका असतो. पुष्कळदा नुसत्या टाळ्याच लांबतात आणि नटाने त्यांतून ओळखायचे असते. चित्रपटगृहात तेवढ्याच टाळ्या पडल्या तर पुढचा संवाद त्यांच्याखाली बुडून जातो. नाट्यगृहात मात्र त्या ओसरेपर्यंत ऑर्गनचा सूर धरलेला असतो.