गौरवग्रंथ (विद्यापीठीय)

एखाद्या प्राध्यापकाचे संशोधन, अध्यापन आणि त्याने घडवलेले विद्यार्थी यांचा मान म्हणून त्याच्या शिष्यांनी, सहकाऱ्यांनी व त्या विषयातील इतर अभ्यासकांनी नवे संशोधनलेख लिहून त्याला अर्पण केलेला ग्रंथ. अभिनंदनग्रंथ किंवा सत्कारग्रंथ असेही म्हणतात. ज्याच्यासाठी ग्रंथ काढायचा ती व्यक्ती हयात नसेल तर तो स्मृतिग्रंथ. राजकारणी, सहकारमहर्षी, कीर्तनकार यांचेही गौरवग्रंथ महाराष्ट्रात उदंड निघतात. त्यांत आठवणी, छायाचित्रे आणि शुभसंदेश यांचा भरणा असतो. विद्यापीठीय गौरवग्रंथाची जात निराळी आहे. त्यात सत्कारमूर्तीबद्दल एखाददुसराच लेख असतो, उरलेला ग्रंथ त्याच्या विषयाबद्दल असतो. निदान तसा असावा अशी अपेक्षा असते.

ही प्रथा आजच्या रूपात जर्मन विद्यापीठांतून आली. तिकडे अशा ग्रंथाला फेस्टश्रिफ्ट म्हणतात आणि जगभरचे ग्रंथपाल हाच शब्द वापरतात. बॉन येथील अभिजात भाषांचे प्राध्यापक फ्रिडरिश रिचल यांच्या विद्यार्थ्यांनी १८६४ ते १८६७ या काळात त्यांच्या नावे लेखसंग्रह काढला. गंमत अशी की, तो छापून पुरा होण्याआधीच रिचल सहकाऱ्याशी भांडून बॉन सोडून लाइपझिगला गेले होते. रोमन इतिहासाचे पंडित थेओडोर मॉमझेन यांना साठीनिमित्त १८७७ मध्ये असाच भलाथोरला ग्रंथ मिळाला. जर्मनीत वाढदिवसाइतकेच डॉक्टरेटच्या पन्नाशीला महत्त्व होते. संस्कृत-जर्मन महाकोशाचे एक कर्ते ओटो ब्योटलिंक यांना १८८८ मध्ये आणि दुसरे कर्ते रुडोल्फ फोन रोट यांना १८९३ मध्ये त्याच निमित्ताने ग्रंथ अर्पण झाले. बर्लिनचे आल्ब्रेख्ट वेबर यांच्या मित्रांनी व शिष्यांनी १८९६ मध्ये काढलेल्या ग्रंथाचे नाव तर चक्क संस्कृत होते : ‘गुरुपूजाकौमुदी’.

पुण्यातील परंपरा

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ पर्यंत संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढे ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठाने १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. जर्मन प्राच्यविद्येशी पुण्याचा संबंध असा जुना व जवळचा असल्याने गौरवग्रंथाची प्रथा इथे लवकर रुजली, यात नवल नाही. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकरांनी ८० वर्षे पूर्ण केली. त्याच दिवशी त्यांच्या नावाच्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उद्घाटन झाले आणि त्यांना इंग्रजी निबंधांचा ग्रंथ अर्पण करण्यात आला. माणूस, संस्था आणि ग्रंथ यांचा एकाच दिवशी असा योग जमून आल्याचे उदाहरण पुढे क्वचितच दिसते.

या प्रथेला महाराष्ट्रात आणखी एक आधार आयता मिळाला. साठाव्या वर्षी उग्ररथशांती, पंचाहत्तरीला ऐंद्री शांती आणि ऐंशी ओलांडताना सहस्रचंद्रदर्शन हे विधी घरोघर चालत होतेच. हजार पौर्णिमा भरायला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. घरच्यांनी शांत करायची आणि विद्यार्थ्यांनी ग्रंथ काढायचा, अशी वाटणी सहज पडली. राज्यातील विद्यापीठांत निवृत्तीचे वय सर्वसाधारणपणे ६० असल्यामुळे षष्ट्यब्दीचा ग्रंथ हा निरोपाचाही ग्रंथ ठरतो.

पांडुरंग वामन काणे यांच्या ६१व्या वाढदिवशी, ७ मे १९४१ रोजी, अर्पण झालेला भारतविद्येचा ग्रंथ या परंपरेतला नमुना मानावा असा आहे. काणे व्यवसायाने वकील होते आणि मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात त्यांनी कायदा शिकवला. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये आला होता, दुसरा नेमका १९४१ मध्येच आला आणि पाचवा पुरा व्हायला १९६२ साल उजाडले. म्हणजे गौरव झाला तेव्हा ज्यासाठी पुढे भारतरत्न मिळाले ते काम निम्म्यावरही आले नव्हते. गौरवग्रंथ म्हणजे कारकिर्दीवरचा शेवटचा शिक्का, ही समजूत इथे साफ खोटी पडते.

काणे ग्रंथाचे संपादक होते सुमित्र मंगेश कत्रे आणि परशुराम कृष्ण गोडे. गोडे हे भांडारकर संस्थेचे क्युरेटर. हस्तलिखितांच्या राशीतून तारखा, वस्तू आणि माणसे शोधून काढणारे शेकडो लेख त्यांनी लिहिले. इतरांचे ग्रंथ संपादणाऱ्या या माणसाच्या नावाचाही ग्रंथ १९६० मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी ते गेले. दरम्यान महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांचा ग्रंथ १९५० मध्ये, श्रीपाद कृष्ण बेलवलकरांचा १९५७ मध्ये आणि नागपुरात वासुदेव विष्णु मिराशींचा १९६५ मध्ये आला. पोतदार ग्रंथाचे संपादन मराठ्यांच्या इतिहासाचे बंगाली अभ्यासक सुरेंद्रनाथ सेन यांनी केले, हे त्या काळच्या विद्वत्संबंधांचा पल्ला सांगणारे आहे. पोतदारांचे स्वतःचे ग्रंथलेखन तुलनेने थोडे होते. त्यांचा प्रभाव संस्था चालवण्यात, व्याख्यानांत आणि माणसे कामाला लावण्यात होता. अशा प्राध्यापकाचे ऋण ग्रंथसूचीत मावत नाही. ते फेडायला गौरवग्रंथासारखे साधन नाही.

शिष्यपरंपरेची नोंद

संस्कृत आणि इतिहासाबाहेर या प्रथेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणात १८९३ साली जन्मलेल्या घुर्यांनी केंब्रिजहून परतल्यावर १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला. निवृत्तीनंतर विद्यापीठाने त्यांना गुणश्री (एमेरिटस) प्राध्यापक केले. त्यांच्या हाताखाली इरावती कर्व्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला, म्हैसुर नरसिंहाचार श्रीनिवासांनी म्हैसूरमधील विवाह व कुटुंबावर काम केले आणि अक्षयकुमार रमणलाल देसाईंनी भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी मार्क्सवादी चौकटीत मांडली. घुर्ये स्वतः मार्क्सवादी नव्हते. श्रीनिवास ऑक्सफर्डला जाऊन आले आणि ग्रंथांतल्या समाजापेक्षा प्रत्यक्ष गावात राहून पाहिलेल्या समाजावर भर देऊ लागले. गुरूच्या पद्धतीपासून ते बरेच दूर गेले. घुर्यांचा पहिला गौरवग्रंथ त्यांचे विद्यार्थी व सहकारी कन्हैयालाल कापडिया यांनी १९५४ मध्ये संपादित केला, दुसरा १९७६ मध्ये आला. एकाच शिक्षकाला दोन पिढ्यांनी दोन ग्रंथ द्यावेत, हा मान थोड्यांच्या वाट्याला आला आहे. चांगल्या मार्गदर्शकाची परीक्षा करायची तर त्याचे विद्यार्थी त्याच्यासारखे झाले का हे पाहू नये, ते त्याच्याहून किती वेगळे होऊ शकले ते पाहावे. घुर्ये या परीक्षेत वरच्या श्रेणीत बसतात, भले काही शिष्यांशी त्यांचे जमले नसो.

अर्थशास्त्रात गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना नी. वि. सोवनी आणि वि. म. दांडेकर यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६१ मध्ये, म्हणजे गाडगिळांच्या साठीला, अर्पण झाला. दांडेकरांनी पुढे तीच संस्था चालवली.

दामोदर धर्मानंद कोसंबींचे मात्र साठी पुरी होण्याआधीच, जून १९६६ मध्ये, निधन झाले. गणितापासून नाण्यांपर्यंत आणि भर्तृहरीपासून गुहालेखांपर्यंत वावरलेल्या या माणसाच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये निबंधांचे संग्रह निघाले. त्यांपैकी भारतीय समाजाविषयीचा संग्रह रामशरण शर्मा यांनी संपादला.

घडण

ग्रंथाची कल्पना बहुधा दोन-तीन विद्यार्थ्यांना सुचते. मग गौरव समिती बनते. अध्यक्षपद कुलगुरूंना किंवा एखाद्या ज्येष्ठाला दिले जाते आणि काम कनिष्ठांवर पडते. पत्रे जातात, लेख मागवले जातात, वर्गणी गोळा होते. वर्गणीदारांची यादी हा जुन्या ग्रंथांचा ठरलेला भाग होता. आज ती पाने चाळली तर त्या विद्येच्या पाठीशी कोणती संस्थाने, कोणते वकील आणि कोणते व्यापारी उभे होते हे कळते. सुरुवातीला छायाचित्र, मग संस्कृत श्लोक किंवा मानपत्र, मग चरित्र, मग लेख आणि शेवटी सत्कारमूर्तीच्या लेखनाची सूची.

ही लेखसूची ग्रंथाचा सर्वांत टिकाऊ भाग असते. प्राध्यापक हयात असल्यामुळे कुठल्या बंद पडलेल्या मासिकात कोणता लेख आला होता हे त्यालाच विचारता येते. नंतर ते कोणालाच जमत नाही. चरित्रात कौतुक कितीही असो, सूचीत फक्त वर्ष, खंड आणि पृष्ठांक असतात. काही संपादक याच्याही पुढे जाऊन गुरूचे विखुरलेले लेखच एकत्र छापतात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ मध्ये वारले, तेव्हा गोड्यांनी हाच मार्ग धरला आणि १९४४-४५ मध्ये त्यांच्या लेखनाचे दोन खंड काढले. अभ्यासकाच्या दृष्टीने हा गौरव अनेकदा अधिक उपयोगाचा ठरतो.

विलंब हा या प्रकाराचा जन्मजात दोष म्हणावा लागेल. जयंत विष्णु नारळीकरांची साठी १९९८ मध्ये झाली. नरेश दधीच आणि अजित केंभावी यांनी संपादित केलेला विश्वविषयक निबंधांचा ग्रंथ २००० मध्ये आला. पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया १९८३ च्या डिसेंबरात ७५ वर्षांचे झाले आणि ग्रंथावर साल आहे १९८५. याउलट रामचंद्र नारायण दांडेकरांचा ‘अमृतधारा’ हा ग्रंथ त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या वर्षातच, १९८४ मध्ये, वाचकांपुढे होता. एखाद-दोन वर्षे म्हणजे तशी वेळेवरच. साठीचा ग्रंथ पंचाहत्तरीला मिळाल्याचे किस्से प्रत्येक विभागात ऐकू येतात. कारण नेहमीचेच असते : ज्या मोठ्या नावासाठी ग्रंथ अडवून ठेवावा, त्याचाच लेख येत नाही.

लेखांचा दर्जा

गौरवग्रंथातील लेखांविषयी विद्वानांत फारसे बरे बोलले जात नाही. नियतकालिकाने परत केलेला लेख इथे खपवला जातो, नकार देणे गुरुद्रोह वाटतो, संपादकाची कात्री चालत नाही, असे आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य आहे. तरी अपवाद इतके ठळक आहेत की सरसकट निकाल देता येत नाही. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या सत्तरीनिमित्त १९४९ मध्ये एका अमेरिकी भौतिकी नियतकालिकाने गौरव अंक काढला. त्यात प्रिन्स्टनचे सहकारी कुर्ट ग्योडेल यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांचे एक उत्तर मांडले. त्या उत्तरातले विश्व फिरते आहे आणि त्यात भूतकाळाकडे परतणारे मार्ग संभवतात. गुरुस्थानी असलेल्या माणसाला त्याच्याच सिद्धांतातली अडचण भेट द्यायची, हा गौरवाचा सर्वोच्च प्रकार म्हटला पाहिजे. मराठीत मतभेदाचा लेख गौरवग्रंथात घ्यायला संपादक अजून कचरतात.

भारतात अलीकडे आणखी एक हिशेब यात शिरला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संपादित पुस्तकातील प्रकरणाला ५ गुण आहेत, तर भाषा व सामाजिक शास्त्रांतील मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या लेखाला १०. बढतीची वाट पाहणारा तरुण अध्यापक चांगला लेख कुठे देईल हे सांगायला नको. दुसरीकडे आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक मिळतो म्हणून घाईघाईने जुळवलेले गौरवग्रंथही निघतात. त्यांत सत्कारमूर्तीच्या विषयाशी कसलाच संबंध नसलेले लेख शेजारी शेजारी बसलेले दिसतात. म्हणून काही विभागांनी ग्रंथ सोडून नियतकालिकाचा विशेषांक किंवा दोन दिवसांचे चर्चासत्र पत्करले आहे.

चांगला लेख गौरवग्रंथात हरवतो, ही तक्रारही जुनी आहे. प्रती थोड्या छापल्या जातात, विक्रीची व्यवस्था नसते आणि ग्रंथालयाच्या यादीत नोंद सत्कारमूर्तीच्या नावावर असते, लेखांच्या विषयांवर नसते. रामचंद्र नारायण दांडेकरांनी १९४६ पासून खंडाखंडाने काढलेल्या वैदिक ग्रंथसूचीसारखी साधने नसती तर वेदविद्येतले असे कितीतरी लेख सापडलेच नसते. आता जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकावर मिळतात. तिथेही शोधताना ग्रंथाचे नाव टाकावे लागते. आत कोणाचा कोणत्या विषयावर लेख आहे हे पाहायला अनुक्रमणिकेचे पान उघडावे लागते आणि ते पान स्कॅन करताना सुटलेले नसावे लागते.