उभ्या गाडीचं डिझेल

विजेच्या तारांवर काम करणारा बकेट ट्रक दिवसभरात फार फिरत नाही. डेपोतून निघतो, खांबापाशी थांबतो, आधाराचे पाय जमिनीवर टेकवतो आणि मग तासन्‌तास तिथेच उभा असतो. इंजिन मात्र चालूच. लाइनमनला बकेटमध्ये, म्हणजे टोकाच्या पाळण्यात, उभं करून वर नेणारा लांब हात हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर हलतो, तो दाब पंप देतो आणि पंप फिरतो इंजिनाच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद दुसऱ्या यंत्राला देणाऱ्या दांड्यावर. ट्रॅक्टरवाल्यांना पीटीओ चांगला ठाऊक आहे. रोटाव्हेटर त्याच्यावरच फिरतो.

यात डिझेल किती वाया जातं, याचा हिशोब कुणालाही करता येतो. दोन माणसं आणि अवजारांसकट बकेटचं वजन 300 किलो धरलं, तर ते 12 मीटर वर न्यायला सुमारे 35 किलोज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये असते साधारण 36,000 किलोज्यूल. म्हणजे लिटरभरात हजार फेऱ्या! आकडा चुकला असं वाटून मी तो पुन्हा मांडला. हाताचं स्वतःचं वजन, पंपातली घट, इंजिनात वाया जाणारी उष्णता हे सगळं वजा करून हजाराच्या पन्नासच फेऱ्या धरा. तरीही लाइनमन एकदा वर गेला की बराच वेळ तारेपाशीच असतो. बकेट वीतभर इकडे, हातभर तिकडे, एवढंच. खाली इंजिन तासाला तीनएक लिटर पीत राहतं.

अमेरिकेत 2007 मध्ये इंटरनॅशनल या ट्रक कंपनीने ईटन कंपनीची हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली) यंत्रणा बसवलेले ट्रक बाजारात आणले, ते नेमकं हे डिझेल वाचवायला. क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये 44 किलोवॉटची मोटर असते. ब्रेक दाबला की ती जनरेटर होते आणि बॅटरी भरते. हे हायब्रिड कारमध्येही होतं. पण ट्रक खांबाखाली उभा राहिला की इंजिन बंद होतं आणि हीच मोटर पीटीओ फिरवते. लिथियम-आयन बॅटरी लहानशीच, 1.8 किलोवॉट-तासांची. ती उतरत आली की इंजिन आपोआप सुरू होतं, काही मिनिटांत तिला भरतं आणि पुन्हा थांबतं.

फायदा फक्त डिझेलचा नाही. मंद चालणाऱ्या इंजिनाचा धूर फारसा तापत नाही, त्यामुळे फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जळून जात नाही आणि फिल्टर तुंबतो. शिवाय आवाज. हजारो व्होल्टच्या तारेजवळ असलेल्या माणसाला खालच्या सोबत्याचं ‘थांब’ पहिल्या हाकेत ऐकू जाणं ही मला तरी सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

मग डिझेल काढूनच का टाकत नाहीत? वादळानंतरची रात्र आठवा. गावभर अंधार, तारा रस्त्यावर पडलेल्या. या गाड्यांची सर्वात जास्त गरज तेव्हाच असते आणि नेमकी तेव्हाच चार्जिंगच्या जागी वीज नसते. म्हणून टाकीत डिझेल हवंच. कॅलिफोर्नियातल्या पीजी अँड ई या वीज कंपनीने पुढे असे प्लग-इन, म्हणजे बाहेरच्या विजेवरही चार्ज होणारे, हायब्रिड ट्रक वापरात आणले, जे स्वतःची वीज बाहेर देऊ शकतात. तार जोडली जाईपर्यंत काही घरांतले दिवे दारातल्या ट्रकवर लावता यावेत, हा त्यामागचा विचार.